ठरावातली तिसरी जोडी

परतूर, १२ मे २०२५

ती. शरयूताईस,
गिरिधरचा सा. न. वि. वि.

तुझे कान फोनशी भांडून बसल्यापासून आपल्या घराण्यात पत्रलेखनाला पुन्हा बरे दिवस आलेत. हे पत्र घनसावंगीच्या जीपवाल्याच्या हाती देतोय. तो वाटेत वाचतो असा मला संशय आहे, म्हणून अक्षर मुद्दाम वाईट काढलंय.

तुझ्या अवधूतचा काही निरोप? सीमेवरच्या त्याच्या चौकीवरून फोन लागत नाही हे ठाऊक आहे, तरी विचारतो. आता शस्त्रसंधी झाली आहे, येईल.

इकडे गुरुवारी वाचनालयाचं वसंत व्याख्यान झालं. वक्ते शौर्यावर बोलले, सभागृह घोषणांनी दणाणलं. मग नेहमीप्रमाणे राजानंद आभार मानायला उठला. वीस वर्षं आमची हीच वाटणी: मानपत्रं नि ठराव मी लिहायचे, आभार त्यानं मानायचे. या खेपेस आभार मानता मानता तो म्हणाला, की ही लढाई लवकर थांबावी, टाळ्या वाजवून आपण ती लांबवू नये. झालं! आमचे अध्यक्ष अप्पाराव टेबलावर चढायचेच बाकी होते. निषेधाचा ठराव आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणाले. मी दहा मिनिटांत लिहून दिला: सैन्याचा अवमान, हुतात्म्यांचा उपहास, शत्रूचा कैवार. तोल बघ कसा साधलाय! वक्त्यापेक्षा जास्त टाळ्या मला पडल्या. राजानंदचं नाव सभासदांतून कमी झालं.

ठरावाची प्रत कुणीतरी वाटूरला, तो शिकवतो त्या शाळेच्या संस्थेत पोचवली. चौकशी लागली आहे म्हणे. निभेल सगळं. मी मनावर घेत नाही. झोप लागत नाही, ती उन्हामुळे.

लोभ आहेच, तो या उन्हासारखा चढता राहावा.

तुझा,
गिरिधर


घनसावंगी, १६ मे

चि. गिरिधरास अनेक आशीर्वाद.

अवधूतचा फोन आल्ता. शेजारच्या श्रद्धानं ऐकून मला कानाशी ओरडून सांगितलं. खुशाल आहे. मामा काय करून राह्यला, असं विचारत होता. लिहून राह्यला, असं सांगायला लावलं.

काल दीपमाला आल्ती. राजानंदची बायको, एवढ्या उन्हात, जीपमध्ये उभ्यानं. मला वाटलं गाऱ्हाणं करायला आली. ती आल्ती अवधूतची खबर विचारायला. बाकीचं मी उकरून काढलं.

गिरिधर, राजानंदचं एक वाक्य तू मला लिहिलंच न्हाईस. तो म्हणाला होता, की आपल्या गिरिधर सरांचा भाचा अवधूत तिकडं उभा आहे, त्याची माय इथं वाट बघून राह्यली, म्हणून थांबावी. आणि तू पुढच्याच रांगेत बसल्ता.

त्यानं हुतात्म्यांचा उपहास कधी केला, असं मी दीपमालेला विचारलं. ती म्हणाली, आमच्या ह्यांनी तर हात जोडून सांगितलं. शत्रूचं तर त्यानं नावही काढलं न्हाई. मंग हे आलं कुठून? मी तुला ओळखते. बाबांच्या मानपत्रात तू त्यांना कधी हातात न धरलेली सतार वाजवायला लावल्ती, ओळ अपुरी पडत होती म्हणून. तेव्हा आपण हसलो. बाबाही हसले.

लढाई दोन दिवसांत थांबली. ती थांबावी म्हणणारा अजून सुटला न्हाई. एकवीस तारखेला चौकशी आहे, आणि त्यांच्याकडं तुझ्या ठरावाबिगर दुसरा कागद न्हाई. त्याची नोकरी त्या कागदावर लटकून आहे. जा. न्हाई गेलास तर मला पत्र लिहू नकोस. जीपवाल्याला मी बराबर समजावून ठेवलंय.

बाकी माया आहे, म्हणून एवढं लिहिलं.

शरयू


परतूर, २२ मे

ती. शरयूताईस,
गिरिधरचा सा. न. वि. वि.

गेलो होतो.

ते वाक्य तुला लिहिलं नाही, कारण ते लिहिल्यावर खाली माझा ठराव लिहिता आला नसता. ऊनबीन काही नव्हतं.

चौकशीला तिघे बसले होते. मी सांगितलं, की ठरावातला अवमान, उपहास आणि कैवार हे तिन्ही माझे आहेत, राजानंदचा त्यात एकही शब्द नाही. मधल्यानं विचारलं, मग लिहिलं कशाला? ताई, चाळीस वर्षं घोकलेलं संस्कृत बाजूला ठेवलं. शेवटी खरं तेच बोललो: दोन जोड्यांवर वाक्य लंगडं वाटत होतं, आणि सभागृह वाट पाहत होतं. ते हसले नाहीत. लेखी मागितलं. दोन ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. निकाल पुढच्या आठवड्यात. त्या कागदानं भागेल की नाही, सांगता येत नाही.

संध्याकाळी अप्पाराव घरी आले. मी सभागृहाला खोटं पाडलं म्हणून आता माझ्या निषेधाचा ठराव करायचा आहे. मसुदा मात्र माझ्याकडेच मागत होते, दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणे. मी सांगितलं, जे मी बोललो तेवढंच लिहा, पुरेल. चहा न घेता गेले.

एक राहिलं. चौकशीच्या खोलीबाहेर राजानंद बाकावर बसला होता. माफी मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती. मी चष्मा पुसायला घेतला. त्यानंच विचारलं, अवधूतचा फोन आला का. आला, खुशाल आहे, असं मी त्याच्या चपलांकडे बघून सांगितलं. बरं झालं म्हणाला, आणि मला बसायला बाकावर सरकून जागा केली.

मी बसलो नाही, ताई. उभाच राहिलो.

लोभ मागायला यंदा हात कचरतो. तुला द्यावासा वाटला तर दे.

गिरिधर