चौथा पुकारा

बाबा, आज वर्गात मुलांनी तुम्हाला दोषी ठरवलं आणि मी ते ठरवू दिलं. तुम्ही माझे वडील हे मी सांगितलं नव्हतं, ‘कोर्टातला एक पट्टेवाला’ एवढंच म्हटलं होतं, त्यामुळे त्या बिचाऱ्यांना काही कल्पना नव्हती. मला होती. घरी आल्यापासून चहा दोनदा गार झाला, तपासायला आणलेले पेपर तसेच पडले आहेत, आणि शेवटी ही वही ओढली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पालघरचा जिल्हा झाला, हेसुद्धा तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. पण आज त्यासाठी बसलेले नाही. एका गोष्टीत तुमच्याशी मी खोटं बोलले होते, ती सांगायची आहे.

मी आता पालघरात कायदा शिकवते आणि सरावलीला राहते. माझ्या वर्गात निम्मी मुलं तारापूरच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्यांची, निम्मी आतल्या डोंगरपाड्यांवरची. या सत्रात आम्ही देशोदेशीच्या न्यायपद्धती ताडून बघतो आहोत. ‘कायद्याचं राज्य म्हणजे काय’ असं विचारलं की पोरं दहा पानं भरून काहीच न सांगण्यात पटाईत. मीही त्या वयात हेच केलं. म्हणून यंदा प्रत्येक गटाला एकेक देश दिला आणि एकच साधा प्रश्न: तारखेच्या दिवशी माणूस कोर्टात हजर नसेल तर तिथे त्याचं काय होतं? जर्मनीवाला गट फार खुशीत होता. तिथे दिवाणी दाव्यात गैरहजेरीत निकाल लागला तरी ठरलेल्या मुदतीत हरकत घेतली की खटला पुन्हा पहिल्यासारखा चालतो, का आला नाहीस म्हणून कारणसुद्धा द्यावं लागत नाही. आपल्याकडे सबळ कारण दाखवावं लागतं. फळ्यावर रकाने आखून झाले, मी स्वतःवर जाम खूश होते, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरची विक्रमगडकडची मुलगी उठली. वर्षभरात तिनं तोंड उघडलं नव्हतं. म्हणाली, “मॅडम, मानूस तिथंच हाय, पन आपलं नाव पुकारलं ते त्याला कळलंच नाय, तर? ते बघायचं काम कुठल्या देशात कोनाचं असतं?” माझ्या फळ्यावर त्याला रकानाच नव्हता.

म्हणून मी तुमची गोष्ट सांगितली. सांगताना मी शिरगावच्या आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. तुम्ही मोरीपाशी उभे आहात आणि मिठाच्या कोमट पाण्यानं खळखळून गुळण्या करताय. आई म्हणतेय, “गवई निगाला बगा कचेरीला!” तुम्ही हसता, पांढऱ्या सदऱ्यावर लाल पट्टा चढवता, बिल्ला बाहीनं पुसता आणि खडीसाखर-लवंगेची ती चपटी डबी खिशात टाकता. मग सायकल. तुमचं काम म्हणजे साहेबांनी नंबर घेतला की दाराबाहेर येऊन पक्षकाराचा पुकारा करायचा, आणि तो आला नाही तर आत येऊन “गैरहजर” सांगायचं. पुकारा तीनदा करायचा. तुम्ही मात्र चौथा करायचात, पायऱ्या उतरून, अंगणातल्या बदामाखाली जाऊन. कारण तिथे बसलेल्या बाईला कागदावरचं तिचं नाव ओळखीचंच नसायचं. नवऱ्याच्या नावासकट ते लांबलचक नाव वकिलानं घातलेलं, पाड्यावर तिला त्या नावानं कोणी कधी हाक मारलेली नाही. तुम्ही सरळ तिच्यासमोर जाऊन म्हणायचात, “आजी, ऊठ, तुजाच नंबर हाय. टोपली राहूंदे, मी बगतो.” सगळ्या पाड्यांची माणसं तुम्हाला तोंडपाठ होती. कोणी कोणाची आई, कोण कुठल्या ओहोळापलीकडची, सगळं.

आणि मला त्याची लाज वाटायची. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते, शिंगं फुटली होती. कॉलेजनं पंधरा दिवस कोर्टात बसून टिपणं काढायला सांगितलं होतं आणि माझ्या नशिबी तुमचंच कोर्ट आलं. सोबतच्या मुली तुमच्या ‘हाय’ आणि ‘नाय’ला ओढणीआड हसल्या, तेव्हा मी त्यांच्यावर चिडायचं सोडून तुमच्यावर चिडले. घरी येऊन तुम्हाला जेवताजेवता सुनावलं. “बाबा, ते कोर्ट आहे, मासळीबाजार नाही. तीन म्हणजे तीन. एकाला चौथी हाक आणि दुसऱ्याला नाही, हा अन्याय झाला. आणि नीट बोला, हाय नाही, आहे.” आईनं भाकरी थापता थापता माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कोणाची जीभ टाळ्याला चिकटली असती. तुम्ही मात्र शांतपणे घास संपवलात. “बाय शिकलेली हाय,” आईला म्हणालात, “तिला ठावं असनार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या नळावर मला एक बाई भेटली. नवरा गेल्यावर दिरानं भाताचं खाचर बळकावलेलं, त्याचा तिनं दावा लावला होता. पहाटे निघून चालत फाट्यावर, मग एसटीनं आलेली. मला म्हणाली, “तू वकिलीन हायेस का गो?” मी म्हटलं, होणार आहे. तिनं तारखेचा कागद दाखवला, त्यावरचं तिचं लांबलचक नाव मी मनात वाचलं. तिनं पदराची गाठ सोडून मला मूठभर भाजलेले काजू दिले. अकराच्या सुमाराला तिचा नंबर लागला. तिचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला होता, दीर त्याच्या वकिलासह समोर उभा होता. तुम्ही दारात गेलात. जाताना माझ्याकडे एकदा बघितलंत. आणि मग तुम्ही तिचं कागदावरचं नाव तीनदा पुकारलंत, स्वच्छ, शुद्ध, एकही अक्षर न खाता. “हजर आहे का?” पायऱ्या उतरला नाहीत. आत येऊन म्हणालात, “गैरहजर आहे, साहेब.” वादी गैरहजर, दावा काढून टाकला. तुमचा ‘आहे’ इतका बरोबर होता की मी वहीत त्याखाली रेघ मारली होती.

ती बाई चार वाजेपर्यंत बदामाखाली बसून होती. तुम्ही घरी जायला निघालात तेव्हा तिनंच विचारलं, “दादा, माजा नंबर कवा?” हे तुम्ही आम्हाला संध्याकाळी सांगितलंत, चुलीजवळच्या पाटावर बसून, पट्टा न काढताच. रडला नाहीत, पण आईनं दिलेलं पाणी तसंच बाजूला ठेवलंत. “माजा आवाज तिच्यापरत गेला नाय,” म्हणालात. मग माझ्याकडे वळून विचारलंत, “बाय, तू खिडकीपाशी व्हतीस. तुला दिसली नाय ना ती?” मी म्हटलं, “मला काय माहीत ती कोण.” तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. तिच्या वकिलाच्या मागे लागून, रजा टाकून, चारचार खेटे घालून तुम्ही तो दावा परत नंबरावर आणायला लावलात. आणला त्यांनी, पण तोवर ते खाचर दिरानं लावून कापूनही झालं होतं. चौथा पुकारा मात्र तुम्ही दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू केलात, आणि तोही आपल्या ‘हाय’मध्ये. मी शिकवायला लागले त्या दिवशी खडीसाखरेची डबी माझ्या हातात ठेवलीत. “आवाज जपायचा. मागच्या बाकापरत गेला पायजे.” ती डबी आत्ता समोर आहे. कोपरे गंजलेत, झाकण लवकर उघडत नाही.

आज वर्गात मी हे सगळं सांगितलं, फक्त आपलं नातं, माझं सुनावणं, खिडकी, नळ आणि काजू वगळून. “त्या दिवशी पट्टेवाला पायऱ्या उतरला नाही,” एवढंच म्हटलं. बोईसरचा एक मुलगा तडक बोलला, “सिंपल है, मॅडम, पट्टेवाल्याची गलती. ड्यूटी त्याची होती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त विक्रमगडकडची ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “बरोबर,” आणि फळा पुसला. बाबा, मला माझा इतका राग आला आहे की हात चालतोय तोवर लिहून टाकते. सोमवारी पुन्हा तोच वर्ग आहे, तिथे तोंड उघडेल की नाही ठाऊक नाही. हा कागद तरी चार घड्या घालून तुमच्या डबीत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार?

त्या दिवशी मी खिडकीतच बसले होते. ती मला समोर दिसत होती, पायाशी टोपली घेऊन, कुठूनतरी कोणीतरी बोलावेल म्हणून दाराकडे बघत. तिचे काजू माझ्या खिशात होते. तुम्ही उगाच जन्मभर मनाला लावून घेतलंत. तुमचा आवाज पोचला होता, बाबा. पहिल्याच हाकेला मला कळलं होतं की ती कोण, आणि मी उठले नाही.