नारूचे एकवीस दिवस

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

नारू आला.

सकाळची शाळा करून मी नुकतीच स्कूटी लावत होते. रिक्षातून उतरला. हातात कापडी पिशवी. केस अर्धे पांढरे. आणि चष्मा! माणूस मारणाऱ्याला चष्मा लागू शकतो हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या मनात तो अजून पंचविशीतलाच होता, लाल बनियनमधला.

बायजीकाकू दारातच उभी होती. नारूची आई. आमच्यापासून चौथं घर. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत ओढून घेतलं.

माझी आई वलांडीच्या बांबूवर बोंबील वाळत घालत होती. मान वर केली नाही. फक्त एकेक बोंबील जरा जास्तच ओढून टांगत होती.

९ नोव्हेंबर, रविवार

कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहिते.

चौदा वर्षं होतील फेब्रुवारीत. परेशदादाला नारूनं किनाऱ्यावर वल्ह्यानं मारलं. जाळं मारायच्या जागेवरून भांडण. दादा सत्तावीसचा होता. नारूला जन्मठेप लागली. कोर्टात त्यानं सांगितलं, परेश दारू पिऊन कोयता घेऊन अंगावर आला, मी जीव वाचवला. जजनं ते मानलं नाही. आमच्या अर्ध्या चिखले गावानं मानलं! जज एकदा निकाल देऊन गेला. गाव इथंच राहिलं.

दरवर्षी नारू तुरुंगातून रजेचा अर्ज करतो. दरवर्षी पोलीस येऊन विचारतात, तुमची हरकत आहे का? दरवर्षी मी लिहिते, हरकत आहे. आई अंगठा देते. या वर्षी तरीही मिळाली — एकवीस दिवस. हवालदार नविन म्हणाला, "तिथली वागणूक चांगली आहे त्याची. तुमची हरकत नोंदवलीय, मॅडम."

नोंदवली. बरं.

१० नोव्हेंबर, सोमवार

कैनाडला माझ्या शाळेत सगळ्यांना कळलंय. मधल्या सुट्टीत गोपीनाथ सर म्हणाले, "सुधारणा वगैरे ठीक आहे हो. पण मेलेल्याची सुधारणा कोण करणार?" आमचे मुख्याध्यापक ते, माझ्या बाजूनं बोलत होते. श्रुतिका मॅडम डबा उघडता उघडता म्हणाली, "सर, कितीतरी जण एक दिवस बाहेर येणारच ना? कसे यायला हवेत तेवढंच आपल्या हातात आहे."

मी म्हटलं, "तुझ्या घरातला गेला नाही."

तिनं माझ्या डब्यात तिची भाजी वाढली. राग यावा की नाही कळेना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नारू रोज सकाळी डहाणूला पोलीस ठाण्यात हजेरीची सही करायला जातो. आमच्या दारावरून जात नाही. किनाऱ्यावरून लांबचा वळसा घेतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नारू बी. ए. झाला!

बायजीकाकू विहिरीवर सांगत होती म्हणे. आत बसून, मुक्त विद्यापीठातून. हा माणूस आठवीत शाळेची खिडकी फोडून पळालेला. दादा दहावी नापास होऊन गेला. ऑक्टोबरला परत बसणार होता, फॉर्म भरून ठेवला होता, मग होडीचं काम निघालं आणि राहिलं. ते राहिलंच.

आम्ही शिक्षा मागितली होती. त्याला शिक्षण मिळालं. सरकारच्या खर्चानं!

शाळेत मी रोज पोरांना सांगते, शिकलं की माणूस सुधारतो. आज तेच वाक्य फळ्यावर लिहायचं होतं. नाही लिहिलं. पाढे घेतले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजचं जसं घडलं तसं लिहिते.

पाच वाजता घरी आले तर आई नाही. शेजारची भाविनी म्हणाली, "बायजीच्या अंगणात गेली." मी चपला न घालताच धावले.

नारू शिडीवरून कौलं चाळत होता. आई खाली उभी. अंगणाबाहेर आठदहा माणसं जमलेली. तो आईला पाहून उतरला आणि हात मागे बांधून उभा राहिला. साहेबासमोर उभं राहायची सवय असणार.

आई म्हणाली, "आत काय करतोस?"

"शेती, मावशी. खुल्या जेलात आहे चार वर्षं. वांगी, मिरची लावतो."

"मारतात?"

"आधीच्या ठिकाणी मार खाल्ला. इथं नाही."

"मार खाऊन काय झालं?"

तो म्हणाला, "मार खाल्ला की वाटायचं, फिटलं. रडू यायचं ते माझंच मला यायचं. परेशसाठी नाही यायचं."

मला वाटलं आई आता थोबाडीत देणार. तिनं विचारलं, "कोयता कुठून आणला त्यानं? माझ्या घरात दोनच कोयते. दोन्ही त्या दिवशी चुलीपाशी होते. मी कोर्टात ओरडून सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही. तू सांग. कुठून आणला?"

बायजीकाकू दारातून ओरडली, "नारू, गप! काही बोलू नकोस!"

नारू म्हणाला, "कोयता नव्हता, मावशी."

"आणि दारू?"

"मी प्यायलेलो. तो नव्हता. भांडण सकाळी झालं होतं, मिटलंही होतं. त्यानंच मिटवलं. संध्याकाळी तो होडीचा दोर बांधत होता. पाठमोरा. मी मागून वल्हं घातलं."

आई तिथंच मातीत बसली. म्हणाली, "परत सांग."

त्यानं परत सांगितलं. तिनं तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तो रडत होता आणि आई रडत नव्हती.

मग म्हणाली, "चल हर्षदा, बोंबील उतरवायचेत."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत गेले नाही. रजा टाकली.

कालपासून मला काय होतंय ते सांगायची लाज वाटते — हलकं वाटतंय! भाऊ पाठमोरा असताना मारला गेला हे ऐकून कुणाला हलकं वाटतं का? मला वाटतंय. ताप उतरल्यावर अंगाला घाम येतो तसं.

आता खरं लिहिते. गावानं मानलं होतं, तसं मीही मानलं होतं. कधी पूर्ण नाही, पण मानलं. बोईसरचं स्थळ मोडलं त्या दिवशी — मुलाच्या काकानं तोंडावर सांगितलं होतं, कोयता घेऊन धावणाऱ्याच्या घरातली मुलगी नको — त्या दिवशी घरी येऊन मी आईला म्हटलं, "त्यानंच ओढवून घेतलं सगळं!" आई दोन दिवस जेवली नाही. नऊ वर्षं झाली. तो विषय आम्ही दोघींनी परत काढला नाही.

आज मी आईला म्हटलं, "मी तेव्हा बोलले ते..."

ती म्हणाली, "तू लहान होतीस."

सत्तावीसची होते मी! दादा गेला तेव्हाच्या वयाची. पण आईनं तेवढ्यावर मिटवलं. दुपारी आम्ही दोघी पंख्याखाली पाय पसरून झोपलो. आई घोरत होती. तिला इतकं गाढ झोपलेलं कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नारू आमच्या कुंपणापाशी आला. आत नाही, बाहेरच. मी अंगणात वह्या तपासत होते.

"हर्षदाताई, रविवारी गावात आपल्या जमातीची बैठक आहे. मावशीची परवानगी असली तर तिथं सांगतो सगळ्यांना. कोर्टात खोटं बोललो ते गावभर झालं. खरंही गावभर व्हायला पाहिजे."

मी विचारलं, "आजच कसं सुचलं? चौदा वर्षांनी?"

म्हणाला, "बी. ए.च्या वर्गाला एक सर यायचे. म्हणाले, आपल्या हातून घडलं ते एक पानभर लिहा, फक्त 'पण' हा शब्द वापरायचा नाही. मी लिहायचो — मी मारलं, पण तो असं बोलला. मी मारलं, पण मी प्यायलो होतो. सर कागद परत द्यायचे. दोन वर्षं लागली मला ते पान लिहायला."

दोन वर्षं. एका पानाला. मला त्या सरांचा हेवा वाटला. सोळा वर्षं शिकवतेय, असा एक गृहपाठ मला सुचला नाही.

आई आतून म्हणाली, "सांगू दे."

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

देवळासमोर, सकाळी दहाला. चाळीसेक माणसं. लक्ष्याभाऊ अध्यक्ष म्हणून खुर्चीत. नविन हवालदारही होता, साध्या कपड्यांत — रजेवरच्या कैद्यावर लक्ष ठेवायचं म्हणून.

नारू चारच वाक्यं बोलला. कोयता नव्हता. तो प्यायला नव्हता. तो पाठमोरा होता. मी खोटं बोललो.

म्हातारा हाल्या तांडेल पायरीवरून म्हणाला, "मग आम्ही इतकी वर्षं काय बोलत होतो रे?" आणि आईकडे वळून हात जोडले. मग दुसऱ्यानं जोडले. आई पदर घट्ट धरून उभी. तिनं मान हलवली.

निघताना नविन माझ्या जवळ आला. "मॅडम, हे त्यानं माझ्यासमोर बोलायला नको होतं. चौदा वर्षं भरतायत, सुटकेची फाइल निघेल. रिपोर्ट मलाच द्यायचाय. पाठमोऱ्याला मारलं, कोर्टात खोटं बोलला — ऐकलंय तर लिहावं लागणार."

"त्याला माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं काल. येतो म्हणालो होतो बैठकीला. म्हणाला, या."

२४ नोव्हेंबर, सोमवार

डहाणूच्या बाजारात आईशेजारी बसणाऱ्या सोनलबेननं तिला चहा पाजला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "हंसाबेन, तमारो छोकरो सारो हतो." आई घरी येऊन मला चारदा सांगतेय. तमारो छोकरो सारो हतो! मराठीत सांगते, गुजरातीत सांगते, स्वतःशीच सांगते.

दादा चांगला होता. एवढं एक वाक्य हवं होतं आम्हाला. नारूला फाशी दिली असती तर ते वाक्य त्याच्याबरोबर गेलं असतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नारू गेला. संध्याकाळपर्यंत पोचायचं होतं, सकाळच्याच गाडीनं निघाला. पळाला नाही, उशीर केला नाही. मला इतकं सुटल्यासारखं का वाटावं? जणू मीच जामीन राहिले होते!

या वेळी आमच्या दारावरून गेला. आई अंगणात होती.

१४ डिसेंबर, रविवार

बायजीकाकू आली. आमच्या ओट्यावर चौदा वर्षांनी.

बसली नाही. म्हणाली, "हंसा, तुझा पोरगा चांगला ठरला. बरं झालं, तुझी छाती निवली. पोलीस म्हणतात, माझ्याचं आता अवघड झालं. मी सत्तर पार केली. माझा कधी यायचा ते सांग मला."

आई सुपातलं सुकट निवडत राहिली. काकू गेली.

मी म्हटलं, "आई, काहीतरी बोलायचंस."

"काय बोलू? माझा कधी येणार ते सांगितलं का मला कुणी?"

१९ जानेवारी २०२६, सोमवार

कागद आला. नारूच्या मुदतपूर्व सुटकेबाबत मयताच्या नातेवाइकांचं मत.

दरवर्षी दोन मिनिटांत लिहायचे. आज तास झाला. 'हरकत आहे' लिहवत नाही, 'हरकत नाही' लिहवत नाही. श्रुतिकाला फोन केला. वाटलं ती सांगेल, सोडा म्हणून लिही. ती म्हणाली, "मला नको विचारू. तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं, माझ्या घरातला गेला नाही."

आईला विचारलं. म्हणाली, "तुझं तू लिही. माझं मी बघीन."

कोराच कागद कपाटात ठेवला.

११ फेब्रुवारी, बुधवार

नविनचा फोन. आई आज बाजार सोडून पोलीस ठाण्यात गेली होती! मला न सांगता. तिनं सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं, जसंच्या तसं —

"नारूनं माझ्या पोराला पाठीमागून मारलं. मी त्याला माफ केलेलं नाही. मरेपर्यंत करणार नाही. त्यानं खरं सांगितलं म्हणून त्याची वर्षं वाढवली, तर आत बसलेले बाकीचे सगळे खोटं घट्ट धरून बसतील आणि तसेच बाहेर येतील. त्यांच्या हातून गेलेल्यांच्याही आया आहेत. त्याला सोडा."