साडेपाच वर्षांपूर्वीची धूळ

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांची तब्येत कशी आहे? फोन त्यांच्या उशाशी असतो, त्यांना सगळं ऐकू जातं आणि तू सगळं ठीक आहे यापलीकडे काही बोलत नाहीस. म्हणून हे पत्र.

इथे वेधशाळेत सध्या गडबड उडालीय. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातल्या एका साध्यासुध्या लघुग्रहाला चक्क शेपूट फुटलंय. धुळीचं, धूमकेतूला असतं तसं. संचालकबाईंच्या मते त्याच्या पोटात बर्फ आहे. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि तिच्याबरोबर धूळ उडते. पण नुसत्या टकरीनेही धूळ उडू शकते, फक्त टक्कर काही दर फेरीला होत नाही. मागच्या फेरीतही तो सूर्याजवळ असाच धुरळला होता असं दिसलं, तरच बर्फ पक्का.

त्याची एक फेरी साडेपाच वर्षांची. म्हणजे तू इथे मोजणीच्या खोलीत होतीस तेव्हाची गोष्ट. तुला काही आठवतंय का? डोकं तुझं आणि हमाली माझी, हे आपलं ठरलेलंच आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझा,
ढब्बू

२० फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

आठवतंय का म्हणून मला विचारतोस? ऑगस्टचा तिसरा आठवडा, हिरवी नोंदवही. ओळीने तीन छायाचित्रांत त्या ठिपक्याची एकच बाजू फिसकटलेली होती. मी समोर 'शेपटी' लिहून प्रश्नचिन्ह काढलं होतं. मोजणारी मी आणि तपासणारा तू. तू त्यावर लाल रेघ मारून 'काचेवरची धूळ' असं लिहिलंस आणि ताईला आता चष्मा लागला म्हणून खोलीभर सांगत सुटलास. सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाबांची उजवी बाजू गेली आणि मी तीन आठवड्यांसाठी म्हणून घरी आले. अजून इथेच आहे. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत अकरा पावलं आहेत. मोजायची खोड काही जात नाही बघ. कधी कधी या भिंतींचा इतका वैताग येतो की न्हाणीघरात नळ सोडून रडून घेते. हे फोनवर कसं सांगू?

एक सांग. शेपूट फुटल्यावर तरी तुमचा तो गोळा त्या पट्ट्यातून बाहेर पडतो का रे?

बाबांचा तुला आशीर्वाद. माझा राग आणि माया दोन्ही समजून घे.

ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वही सापडली. तुझं प्रश्नचिन्ह आणि माझी लाल रेघ, दोन्ही शाबूत आहेत. तुला खरं सांगतो. त्या दिवशी माझ्याकडे दुपारच्या सिनेमाची तिकिटं होती. मी पहिलंच छायाचित्र पाहिलं, उरलेली दोन उघडलीही नाहीत आणि रेघ मारून मोकळा झालो. ताई, मला माफ कर.

संचालकबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडून ती रेघ पाहिली. मग म्हणाल्या, तपासनिसाचीच रेघ आहे म्हटल्यावर मोजणाऱ्या बाईंनी स्वतः येऊन ती तिन्ही छायाचित्रं समजावून द्यायला हवीत. बैठक २४ तारखेला आहे. मोजणीच्या खोलीतली एक जागा रिकामी आहे, तीही त्या तुला देणार आहेत. तू निघ. बाबांसाठी एखाद्या नर्सबाई ठेव. मीच आलो असतो, पण बैठकीची सगळी तयारी माझ्या गळ्यात पडलीय.

तू विचारलंस त्याचं उत्तर, नाही. धूळ निघून जाते, तो मात्र तिथेच फिरत राहतो.

माझ्यावर लोभ ठेव असं म्हणायला आज जीभ रेटत नाही.

ढब्बू

१५ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

नर्सबाई मिळाल्या. स्वभावाने चांगल्या आहेत, हातही हलका आहे. बाबांना सगळं सांगितलं. जीभ जड असली तरी जा, असं स्पष्ट म्हणाले.

काल बॅग भरून बसच्या थांब्यावर गेले. एक बस सोडली, दुसरी सोडली, तिसरीही सोडली. अडवायला कुणीही नव्हतं. बाबांची कूस बदलायची वेळ झाली तशी मी उठले आणि घराकडे चालायला लागले. दारात पोचले तर नर्सबाईंनी कूस कधीच बदललेली. मला बॅग घेऊन परत आलेली बघितलं आणि बाबा रडायला लागले. मी परत आल्याचा आनंद नव्हता तो, ढब्बू.

लाल रेघेचं मनावर घेऊ नकोस, चुका होतात. माझा राग निराळाच आहे. पाच वर्षांत तू सहा वेळा घरी आलास आणि दर वेळी परतीचं तिकीट काढूनच आलास. ताई, आता तू जा, मी आहे, असं एकदाही म्हणाला नाहीस. मग मीही विचारायचं सोडून दिलं.

आता बैठकीची तयारी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाल आणि ये. बाबांची सोय झालीय, त्यांच्यासाठी येऊ नकोस. मला हाताला धरून बसमध्ये बसव आणि बस सुटेपर्यंत दार अडवून उभा राहा.

वाट पाहते.

ताई