सकाळी सातची हाक

दादा,

बाबांनी आपल्यापेक्षा होडीतल्या रेडिओवर जास्त माया केली, ही आपल्या दोघांचीही तक्रार. तू भांडून गेलास आणि तुझ्याकडचा रेडिओ-सेट बंद केलास. ते मात्र रोज सकाळी सातला होडीवरून तुला हाक मारतात आणि उत्तरासाठी पाच मिनिटं कान देऊन बसतात. मी खोटंच सांगितलं, "दादाचा सेट बिघडलाय."

"गाढवाला तारेला सोल्डरचा डाग द्यायला कधी जमलंच नाही," ते हसले. "करील दुरुस्त."

काल त्यांना उचलून होडीत बसवावं लागलं. डॉक्टर म्हणतात, आता आठवडाच उरलाय. माझं खोटं उघडं पडेल म्हणून हे पत्र चारदा लिहिलं, पोस्टात टाकलं नाही; आज टाकतेय. अरे, बापाशी भांडायलाही समोर बाप लागतो! पत्र मिळताच सातला सेट लाव आणि म्हण, "बाबा, ऐकतोय."

तुझी धाकटी