पूंगोडीची साखर

कारैक्कुडी, ४ ऑगस्ट १९९७

सौ. कोमळवल्ली विहीणबाईंना शिवगामीचा सप्रेम वणक्कम, वि. वि.

तुमच्याकडून सातव्या महिन्यात बांगड्या भरून बाळंतपणासाठी माहेरी आणलेली आमची पूंगोडी सुखरूप आहे. पण कालची गंमत ऐका. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला गोड पाणी पाजून रक्त घेतलं आणि म्हणाल्या, गरोदरपणातली साखर आहे. भात कमी करा, गोड बंद करा, जेवल्यावर चालवा. मी म्हटलं, बाई, आमच्या सात पिढ्यांत साखर नाही, ही कुंभकोणमलाच बसमध्ये चढली असणार! दोन जिवांच्या पोरीला कुणी उपाशी ठेवतं का? मी आपले गुळाचे अदिरसम तळून डबा भरून ठेवलाय.

लोभ आहेच, रागावलात तरी उत्तर पाठवावं.

तुमची,
शिवगामी

कुंभकोणम, ९ ऑगस्ट १९९७

सौ. शिवगामी विहीणबाईंना सप्रेम वणक्कम, वि. वि.

साखर म्हणजे काय लग्नातलं भांडं आहे, कुणाकडून आलं ते नाव कोरून ठेवायला? आमच्या इळंगोनं काल बायकोला फोन केला. ती म्हणाली, नको म्हटलं की अम्मा रडते, म्हणून खाते. आमची सून कुणाचं मन मोडत नाही; तेव्हा तिला आधी तुमच्यापासून वाचवायला हवं! बसच्या कंडक्टरबरोबर नाचणीचं पीठ पाठवतेय. शेवग्याचा पाला घालून त्याची अडै तव्यावर थापून द्या. अदिरसमचा डबा हवा तर तुम्ही संपवा, पण मग स्वतःचंही रक्त तपासून घ्या. सात पिढ्यांचा निकाल लागेल.

इथं इळंगो बायकोविना दोन वेळचं जेवतो आणि चार वेळा उसासे टाकतो. माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
कोमळवल्ली

कारैक्कुडी, १ सप्टेंबर १९९७

विहीणबाईंना सप्रेम वणक्कम, वि. वि.

तुमच्या पिठाची अडै पाहून आमच्या यजमानांनी विचारलं, छपराचं कौल कशाला काढून आणलंस? पोरगी मात्र मुकाट्यानं खाते. आणि अदिरसमही खाते, कारण तो मी देते. परवा पुन्हा रक्त घेतलं. साखर उतरलेली नाही. डॉक्टरीणबाई आता इन्सुलिनच्या सुईचं बोलतात. मी ऐकून घेतलं आणि घरी आले. पोटातल्या बाळाला कुणी सुया टोचतं का? पोट तर असं भरलंय की गल्लीतल्या बायका म्हणतात, शिवगामी, राजाच येणार! गुटगुटीत नातू बघून तुम्हीच नाचाल.

लोभ असावा, नाचणी नसावी.

तुमची,
शिवगामी

कुंभकोणम, ५ सप्टेंबर १९९७

शिवगामी,

आज थट्टा सुचत नाही. इळंगोच्या आधी मला एक मुलगा झाला होता. पोट बघून तेव्हाही सगळ्या म्हणाल्या होत्या, राजा येणार. एवढा मोठा होता, की त्याचा खांदा अडला. सोडवेपर्यंत फार वेळ गेला. तो रडलाच नाही. ते साखरेनं झालं की कशानं, कुणाला ठाऊक. त्या वेळी कुणी रक्त तपासलंच नाही. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही, इळंगोलाही अर्धवटच माहीत आहे. पण तुमचं पत्र वाचलं आणि तव्यावरचा डोसा करपेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

डॉक्टरीणबाई सांगतील ते करा. सुई बाळाला लागत नाही, आईला टोचतात. पोरीला भीती वाटली तर हात धरा. तुम्हाला वाटली तर मला बोलवा, मी येते.

कोमळवल्ली

कारैक्कुडी, २९ ऑक्टोबर १९९७

सौ. कोमळवल्ली विहीणबाईंना सप्रेम वणक्कम, वि. वि.

तार मिळालीच असेल. आता सविस्तर लिहिते. पत्र आलं त्याच संध्याकाळी मी डबा शेजारी देऊन टाकला आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन दवाखान्यात गेले. सुई टोचताना डोळे मी मिटले, तिनं नाही. रोज जेवल्यावर दोघी तळ्याकाठी चालायचो. पोरगी पुढे आणि मी मागे धापा टाकत.

मुलगी झाली. जन्मताच अशी रडली, की बाहेर उभा असलेला तुमचा इळंगोही रडायला लागला. आज बायका बघायला आल्या आणि म्हणाल्या, एवढीशीच? पोरीला खाऊ घातलं नाहीस का गं? मी म्हटलं, नाही घातलं!

पूंगोडीची साखर उतरली, पण दीड महिन्यानं पुन्हा तपासायची आहे. पुढेही जपायचं आहे. आणि हो, डॉक्टरीणबाईंनी माझाही हात धरून रक्त घेतलं. मला साखर निघाली, चांगली जुनी. गल्लीभर सांगा, मला चालेल.

बारशाला या. नातीसाठी काही आणू नका. स्वतःसाठी घट्ट चपला आणा. बाळंतीण घरात आहे, तळ्याकाठी आता मी एकटीच चालते, आणि कुरकुर ऐकायला सोबत कुणी नाही.

वाट पाहणारी,
शिवगामी