पणजोबांच्या हातचं कुराणशरीफ

दि. ९ फेब्रुवारी

ती. आपास,
सा. सलाम वि. वि.

पार्सल पोचलं. तीन टॉवेल, रजई आणि वर तुझी शाल एवढं गुंडाळलं होतंस की ग्रंथालयाचा शिपाई विचारत होता, आत बाळ आहे की काय.

पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं कुराणशरीफ उघडलं आणि खुर्चीत बसलोच. फुटक्या नळाचं पाणी आरपार गेलंय. अर्ध्याहून जास्त पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झालीत. लाल शाईच्या खुणा पसरल्या आहेत, काळी शाई बऱ्यापैकी टिकलीय. हलकी वाफ देऊन, पातळ सुरीने, श्वास रोखून एकेक पान सोडवावं लागतं. नोकरीचं काम आटोपलं की याला बसतो. दिवसाला दोन पानं निघतात, नशीब जोरावर असलं तर तीन. मग डोळ्यांसमोर नुसते ठिपके.

स्वतःला बोल लावू नकोस. तू अकरा दिवस अब्बांबरोबर इस्पितळात होतीस. नळ काही तुला विचारून फुटला नाही.

अब्बांना काय सांगितलंस? कळव.

तुझा,
धाकटा

दि. २ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक दुवा.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. दुरुस्तीला दिलंय, एवढंच मी बोलले. रोज चहा झाला की अब्बा हात धुऊन बसतात आणि रिकाम्या कपाटाकडे तोंड करतात. दिसत फारसं नाही, पण पान पुढ्यात लागतं. मी छापील प्रत आणली. त्यांनी ती चाचपली, कपाळाला लावली आणि अदबीने परत दिली. म्हणाले की अल्लाहचा कलाम तोच आहे, पण अक्षर आपल्या घरचं नाही.

त्यांना उठवता-बसवता माझी कंबर कामातून गेली. परवा भाजी चिरता चिरता बसल्या जागी डुलकी लागली, बोट थोडक्यात वाचलं. सहा वर्षं झाली रे. कागदासाठी श्वास रोखून धरायची सबुरी आहे तुझ्याकडे. बापासाठी चार दिवस नाहीत? इतक्या वर्षांत दोनदा आलास, दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घेऊन.

बोलू नये ते बोलले. पत्र फाडणार होते, पण पुन्हा लिहायचं त्राण नाही. तसंच टाकते.

तुझी,
आपा

दि. १३ मार्च

ती. आपास,
सा. सलाम वि. वि.

पत्र आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. त्यात खोटं काही नाही. मी घाबरतो. मागच्या खेपेला अब्बांनी मला गॅसवाला समजून सिलिंडर आत ठेवायला सांगितलं. तुझ्यासमोर हसलो, परतीच्या गाडीत हसू आलं नाही. त्यापेक्षा कागद बरा वाटतो.

या गतीने काम पुरं व्हायला पुढचं वर्ष उजाडेल. अब्बांकडे तेवढा अवकाश नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. सुटी झालेली सत्तर पानं टीपकागदात घालून पेटीत भरली आहेत, चिकटलेला गठ्ठाही सोबत आणतो. आमच्या साहेबबाईंनी बजावलं की अर्धवट काम हलवू नये. मी तीन महिन्यांची रजा टाकली.

एक अट आहे. मी आलो की तू लेकीकडे जायचंस. गोळ्या कधी, आंघोळ कशी, सगळं लिहून भिंतीला चिकटव.

तुझा,
धाकटा

दि. ३० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक दुवा.

इथे येऊन तीन दिवस नुसती झोपले. लेक घाबरून मधूनमधून नाकाशी बोट धरून बघत होती म्हणे! जाग आली की अब्बांच्या हाकेसाठी कान टवकारते, मग आठवतं की आज माझी पाळी नाही. रडू का आलं, कळलं नाही.

तुला जमतंय ना? न जमलं तर लाजू नकोस, लगेच निघते.

तुझी,
आपा

दि. ८ एप्रिल

ती. आपास,
सा. सलाम वि. वि.

जमतंय. पाठीत उसण भरली, एकदा सगळी पेज माझ्याच सदऱ्यावर सांडली, पण जमतंय.

काल पहिलं पान पाटावर ठेवून अब्बांच्या पुढ्यात मांडलं. ते ओळींवर बोट फिरवत तोंडपाठ म्हणू लागले. जन्मभर मी लोकांना बोट लावू नका म्हणून ओरडत आलो, काल गप्प राहिलो. पाण्याने पुसलेल्या दोन ओळी आल्या, तरी त्यांचा आवाज थांबला नाही. तेव्हा मी नळाचं सगळं खरं सांगून टाकलं. अब्बा म्हणाले की कलाम तो पाठ असलेल्या कितीतरी उरांत सुखरूप आहे, भिजली ती त्यांच्या आजोबांची मेहनत, आणि आजोबा मेहनतीचं रडगाणं गाणारे नव्हते. तुला बोल लावू नये, असंही बजावलं.

मग मला वाचायला सांगितलं. आपा, तीस वर्षं मी असली पानं जोडतो. शाई पाहून कागदाचं वय सांगतो. पण लहानपणानंतर वाचलं कधी नव्हतं. पहिल्याच शब्दाला जीभ अडखळली. चार ओळींत त्यांनी अकरा चुका काढल्या आणि दमून मान टेकली. मला कोण समजून शिकवताहेत, ते मी विचारलं नाही.

आज नऊ चुका निघाल्या.

तू सावकाश ये. आहे ती माया राहू दे, आणि झोप पुरी कर.

तुझा,
धाकटा