आईची गच्ची

मंगळवार, संध्याकाळ

धाकट्या सुनीताने रविवारी मंद्रूपला जाऊन आईचा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून दिला. मला विचारलंसुद्धा नाही. ते कार्ड मी घेऊन दिलं होतं, सगळ्यांत स्वस्त रिचार्ज बघून. घरात रेंज नव्हती हे खरं. म्हणून आई रोज दिवेलागणीला गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून इकडे सोलापूरला मला फोन लावायची. गुडघेदुखी, वहिनीबद्दलच्या तक्रारी, सगळं तिथूनच सांगायची.

आज फोन आला तो स्वयंपाकघरातून, स्पीकरवर. "सुनीनं लई चांगलं काम केलं बघ. आता भाकरी थापता थापता बोलता येतंय की." वहिनी शेजारीच असणार. जेवलीस का, पोरं बरी हायत का, बरं ठेवते. झालं.

तिचा जिना वाचला, मला बरं वाटायला हवं. मग जळफळाट कशाचा? धाकटीचं कौतुक झालं याचा? एवढी कोत्या मनाची आहे का मी?

राहवेना म्हणून थोड्या वेळाने मीच लावला. बिझी. परत लावला, बिझी. शेवटी वहिनीला फोन केला.

"आई वर गच्चीवर हायत की, ताई," ती म्हणाली. "सुनीताताईंशी बोलत्यात."

घरात एवढी रेंज असताना, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून ती टाकीजवळ गेली. सुनीताशी बोलायला.